सोफ्यावरचे समीक्षक

जुना सिनेमा टीव्हीवर लागला की घरातला प्रत्येक जण समीक्षक होतो. हात मटार सोलण्यात गुंतलेले, डोळे पडद्यावर आणि तोंडाचा पट्टा चालू. ‘मिशीचा डिंक दिसतोय बघ.’ ‘हा कॉलेजात? ह्याची पोरगी कॉलेजात असेल!’ ‘ह्यांना भूक लागत नाही का, नुसते गातायत?’ पेपरातल्या समीक्षकाला तारे मोजून द्यावे लागतात, सोफ्यावरच्याचं रिमोटवर भागतं. पण हे शेरे वाटतात तितके वायफळ नसतात. सहज बोलता बोलता माणूस नेमका एखाद्या झकास किश्श्याच्या दारात जाऊन उभा राहतो, फक्त ते त्याला माहीत नसतं. असेच काही ठेवणीतले शेरे आणि त्यांच्या पोटातल्या गोष्टी.

‘ही पार्वती खऱ्या बायकांपेक्षा देखणी आहे!’

‘अशी ही बनवाबनवी’ लागला की हा शेरा ठरलेला, आणि तो बहुधा घरातल्या बाईमाणसाकडूनच येतो. लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत, लाजत, मधूनच घोगऱ्या आवाजात खेकसत जे काही करतात, ते पाहून आजही लोक लोळतात.

पण साडी नेसून पडदा गाजवण्याचा पहिला मान लक्ष्मीकांतचा नव्हे. आपल्या सिनेमाची पहिली नायिकाच मुळी पुरुष होती. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती मिळता मिळेना. सिनेमात तोंड दाखवायला कुठलीच बाई राजी होईना. शेवटी एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेत भरले. अंगकाठी सडपातळ, हात नाजूक; झाली तारामती! चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये तर साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही साकारले. म्हणजे सीतेच्या विरहानं व्याकूळ व्हायचं, मग कपडे बदलून अशोकवनात बसायचं आणि आपल्याच विरहात पुन्हा अश्रू ढाळायचे. आजच्या नटाला डबल रोलचं मानधन डबल मिळतं म्हणतात. साळुंक्यांच्या वेळी तो विषयच नसावा.

पडद्यावर खरी बाई आली तीही १९१३ सालीच, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमळाबाई या दोघी त्यात होत्या. कमळाबाई मोहिनी झाल्या. आणि दुर्गाबाई? पार्वती! भारतीय पडद्यावरची पहिली बाई पार्वती होती आणि बरोबर ७५ वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘बनवाबनवी’त लक्ष्मीकांतच्या परश्याची पार्वती झाली. लेखक वसंत सबनीस यांनी हे मुद्दाम योजलं असेल असा माझा दावा नाही. पण योगायोग इतका बेमालूम जुळला की त्याला दाद द्यायलाच हवी. (या कमळाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे विक्रम गोखल्यांची पणजी ती पार्वती.)

‘बनवाबनवी’ बघताना घरातला एखादा जाणकार हमखास खाकरतो आणि म्हणतो, ‘हे हिंदीवरून घेतलंय.’ खरं आहे. हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’चा (१९६६) तो मराठी अवतार. जागा मिळत नाही म्हणून दोघांनी बायका व्हायचं, ही कल्पना तिथलीच. मात्र मूळ चित्रपट हृषिदांच्या चाहत्यांनाही आठवून सांगावा लागतो, आणि इकडे धनंजय माने इथेच राहतात का, असं कुणीही कुणाच्याही दारात उभं राहून विचारतं. माझं मत विचाराल तर मराठीनं मूळ कथेवर सरळ मात केली आहे. काही विनोद आता शिळे वाटतात, मान्य. पण सुधीर जोशींचे घरमालक विश्वासराव सरपोतदार आज जरी भाडं मागायला आले तरी लोक उठून उभे राहतील.

अशोक सराफ, सचिन, लक्ष्मीकांत या तिघांच्या धुमाकुळात चौथा, अशोक सराफांच्या धनंजयचा धाकटा भाऊ शंतनू, नेहमी मागे राहतो. ‘हा गोरागोमटा कोण रे?’ एवढाच प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. तो सिद्धार्थ रे, व्ही. शांताराम यांचा नातू. ‘बाजीगर’मध्ये काजोलवर जीव लावणारा इन्स्पेक्टरही तोच. बिचाऱ्याला तिथंही शेवटी शाहरुख खानपुढे मागेच राहावं लागलं.

‘मुलांसमोर हे लावू नकोस’

हा शेरा दादा कोंडके यांच्या वाट्याचा. शेरा मारणारे काका मात्र खोलीतून हलत नाहीत, हेही ठरलेलं. गुडघ्यापर्यंतची चड्डी, लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा आणि दोन अर्थांची वाक्यं. त्यातला एक अर्थ सेन्सॉरसाठी, दुसरा पब्लिकसाठी.

‘सोंगाड्या’ (१९७१) कुणी लिहिला, हे विचारून बघा. फारच थोड्यांना सांगता येतं. वसंत सबनीस! तेच, पार्वतीवाले. दादांना आधी रंगभूमीवर डोक्यावर घेतलं गेलं ते सबनीसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यामुळे. म्हणजे ‘सोंगाड्या’तला नाम्या आणि धनंजय माने एकाच लेखणीतून उतरले, मध्ये फक्त सतरा वर्षं गेली. एवढा हसवणारा माणूस, आणि घरोघरी नाव पाठ असतं ते नटांचं. लेखकाचं नाव श्रेयनामावलीत येतं तेव्हा लोक पाणी प्यायला उठलेले असतात.

‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये लागायच्या वेळचं रामायण तर मशहूरच आहे. थिएटरला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर थडकले, आणि ‘सोंगाड्या’ लागला. लागला तो असा की हटेना. पुढे दादांच्या ओळीनं नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात गेली. सिनेमात येण्याआधी हा गृहस्थ अपना बाजारात नोकरी करत होता.

‘हा माणूस डॉक्टर शोभत नाही’

मराठी घरात पोरानं एक तर डॉक्टर व्हावं, नाहीतर बँकेत चिकटावं, ही आईवडिलांची जुनी इच्छा. मराठी पडद्यानं ती फारच मनावर घेतलेली दिसते.

‘सामना’ (१९७४) घ्या. विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पोचलेला चित्रपट. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर गावभर एकच विचारत फिरतो, मारुती कांबळेचं काय झालं? आता हीच गोष्ट वैद्यकीय चष्म्यातून बघा. विचारणारे लागू कान-नाक-घशाचे सर्जन. ज्याच्याबद्दल विचारायचं तो मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. दिग्दर्शक जब्बार पटेल, लहान मुलांचे डॉक्टर. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, ते हिंदूराव पाटील कोण? निळू फुले. ते डॉक्टर नव्हते, पण तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते! ‘सामना’ला राजकीय चित्रपट म्हणतात. मला तो अधूनमधून वॉर्डातला राउंड वाटतो.

निळू फुल्यांवर सोफ्यावरून आलेले शेरे इथं छापता येणार नाहीत. बायाबापड्या त्यांना खरोखरच शिव्या घालायच्या. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्यासाठी त्या शिव्या म्हणजे पुरस्कारच होते, आणि तसे ते घाऊक भावात मिळाले.

यादी इथं संपत नाही. रंगभूमीवर शिट्ट्यांचा पाऊस पाडणारे काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. आणि ‘महाभारत’मधले कृष्ण, नितीश भारद्वाज? ते शिकलेले पशुवैद्य! बी. आर. चोप्रांनी हे बघून निवड केली नसेल, पण गाईगुरांत रमणाऱ्या देवासाठी याहून योग्य पदवी कुठल्या विद्यापीठात मिळणार?

आता बँकवाले. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, आणि ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम, तेही बँकेत कॅशियर. साटमांचं ते पाच बोटं फिरवत गडबड शोधणं पाहिलं की नोटा मोजायच्या हाताची सवय आठवते. ‘सीआयडी’ला आम्ही सगळेच हसतो. दया दार तोडतो, मग बेल वाजवायला काय झालं होतं, वगैरे. पण याच मालिकेनं २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाही कटशिवाय, एका दमात चित्रित केला होता. कॅमेरा सुरू झाला तो शेवटालाच थांबला. हसणाऱ्यांनी आधी घरातल्या लग्नाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ न हलवता काढून दाखवावा.

‘ह्याला आम्ही घाबरायचो?’

तात्या विंचूला आता कुणी घाबरत नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) लागला की पोरं बाहुल्याबरोबर मंत्र म्हणतात. ज्यांनी तो थिएटरात, आईच्या पदराआडून पाहिला, ती आता बापाच्या वयाला पोचलेली मंडळी ओशाळं हसतात आणि हा शेरा मारतात. एखादा इंग्रजी सिनेमावाला पुतण्या सांगतो की हा ‘चाइल्ड्स प्ले’चा (१९८८) चकी. बरोबर सांगतो. पण चकीच्या अंगात शिरणाऱ्या आत्म्यामागे दिलीप प्रभावळकर नव्हते, ही त्या चकीची उणीव.

बाहुला रामदास पाध्यांचा. बोलक्या बाहुल्यांचा खेळ त्यांच्या घरात वडिलांपासून, अर्धवटराव या बाहुल्यापासून चालत आलेला. आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला, खिदळत पापड खाणारा तो ससा आठवतो? तोही पाध्यांचाच. थोडक्यात तात्या विंचू आणि पापडवाला ससा हे सख्खे भाऊ. हे एकदा कळलं की भीती उरतच नाही.

प्रभावळकरांचं काय करायचं, हा मात्र सोफ्याला न सुटलेला प्रश्न आहे. आजी त्यांना चिमणराव म्हणून ओळखते. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव ते आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आईला ते ‘चौकट राजा’तला नंदू म्हणून आठवतात, आणि डोळे लगेच पाणावतात. मुलाला तात्या विंचू. मुलीला ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’तले आबा, ही मालिका त्यांनी स्वतःच लिहिलेल्या ‘अनुदिनी’वरून निघाली. आणि महाराष्ट्राबाहेर विचाराल तर ते ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जगात महात्मा गांधी आणि खुनी बाहुला ही दोन्ही कामं पटवून देणारा दुसरा नट कुणाला माहीत असेल तर कळवावं.

‘अरे, सोड की तो बाण!’

रामानंद सागरांच्या ‘रामायणा’वर (१९८७) याहून नेमकी टीका झालेली नाही. बाण सुटतो, समोरून दुसरा सुटतो, दोघं हवेत एकमेकांकडे बघत थांबतात, मग पाच चेहरे दिसतात, मग ढगांचा गडगडाट होतो, आणि बाण पोचायला पुढचा रविवार उजाडतो. तरीही त्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे आणि टीव्हीला हार घातले जायचे. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा लावली, तर दूरदर्शननं १६ एप्रिलच्या एका दिवसाचा आकडा सांगितला ७.७ कोटी प्रेक्षकांचा! जगातली सगळ्यात जास्त पाहिलेली मालिका, अशी दवंडीही पिटली गेली. त्यावर वाद झाले ते झालेच. पण ७.७ कोटी माणसं त्या बाणाची वाट बघत बसली होती, एवढं तरी धरून चालू.

ही अयोध्या वसली होती आपल्या पालघरला खेटून असलेल्या गुजरातच्या उंबरगावात. त्यात मराठी माणसंही होती. भरत झालेले संजय जोग मराठी, आणि मंथरा तर साक्षात येवल्याच्या ललिता पवार. ‘काय डोळा बारीक करते बघ, कैदाशीण!’ असं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या डोळ्याचा राग केला. तो अभिनय नव्हता. १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवानदादांनी थप्पड मारायची होती आणि ती जरा जास्तच खरी लागली. चेहऱ्याला लकवा, मग वर्षानुवर्षं उपचार, आणि डावा डोळा कायमचा अधू. तोवर त्या नायिका होत्या. बाई परत आल्या त्या सासू होऊन, आणि त्याच डोळ्याच्या जोरावर अख्ख्या देशातल्या सुनांची झोप उडवली. एरवी प्रेमळ कामातही त्या कमी नव्हत्या. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पण मंथरेपुढे डिसाबाईंना कोण विचारतो!

‘सगळे एकमेकांचे नातेवाईक दिसतात’

हो, दिसतात कारण असतात. खोट्यांचंच घर बघा. दुर्गा खोटे १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, पहिल्या मराठी बोलपटात. (पुन्हा तारामती, पण या वेळी खरी बाई!) ‘मुगल-ए-आझम’मध्ये जोधाबाई, ‘बॉबी’त डिंपलची गोवेकर आजी मिसेस ब्रॅगान्झा. एवढ्यावर थांबतील तर त्या दुर्गाबाई कसल्या? आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाला दूरदर्शनवर आणणारी ‘वागळे की दुनिया’ (१९८८) निघाली ती त्यांच्याच निर्मितिसंस्थेतून. मूकपटाच्या अखेरीपासून स्कूटरवरच्या वागळ्यांपर्यंत, एकाच बाईनं.

त्यांच्या दिरांची मुलं शुभा आणि विजू खोटे. शुभाताई मुळात पोहण्यातल्या आणि सायकल शर्यतीतल्या चॅम्पियन, म्हणून ‘सीमा’त (१९५५) त्या अशी भन्नाट सायकल चालवतात. विजू खोटे म्हणजे ‘शोले’तला कालिया. जोधाबाईचा पुतण्या गब्बरच्या टोळीत! खानदानाचं नाव असं चौफेर पसरवायला हवं.

घाईघाईत आणखी थोडं. ‘संत तुकाराम’मधलं (१९३६) विमान आज पुठ्ठ्याचं वाटतं, पण तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस खरेच वाटतात. हे पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. त्याच चित्रपटातलं बी आणि झाडाबद्दलचं ते गाजलेलं गाणं तुकोबांचं नव्हेच, ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी. भाविक अजून ते गाथेत शोधतात. ‘पिंजरा’ (१९७२) बघून ‘आपल्या मातीतली गोष्ट’ म्हणणाऱ्यांना सांगायचं नाही, पण त्यातला मास्तर मूळचा जर्मन प्राध्यापक आहे. ‘ब्ल्यू एंजल’ (१९३०) हा त्याचा मूळपुरुष. (माझ्या मते ‘पिंजरा’ मध्यंतरानंतर लांबतो. पण हे मोठ्यानं म्हटलं तर जेवण मिळणार नाही.) आणि ‘आजकाल सिनेमे आठवडाभर टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या आजोबांच्या हातात हा आकडा द्या: अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या त्या गंभीर मुलीच्या साडीबद्दल मात्र कुणी शेरा मारत नसे. ती स्मिता पाटील होती, आणि साडी पुष्कळदा जीन्सवरच गुंडाळलेली असे. टेबलाखालचं कुणाला दिसतं?

‘हे चार दिवस कधी संपणार?’

‘चार दिवस सासूचे’ या नावाची मालिका २००१ मध्ये ईटीव्ही मराठीवर सुरू झाली. घरातल्या पुरुषांनी हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला. तो विचारता विचारता त्यांची मुलं दहावी झाली, नोकरीला लागली, काहींची लग्नं होऊन घरात खरी सासू-सून तयार झाली. मालिका चालूच. भाग तीन हजारांच्या वर गेले. नाव ठेवताना कुणाचा तरी हिशेब चांगलाच चुकला होता.

कविता लाड सून आणि सासू रोहिणी हट्टंगडी. ‘ह्या बाईंना दुसरं काही काम नाही का?’ असंही सोफ्यावरून ऐकू यायचं. होतं की. रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’त (१९८२) कस्तुरबा त्याच होत्या, ऐन तरुणपणी म्हातारपणापर्यंतच्या कस्तुरबा. त्या कामासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, साहाय्यक अभिनेत्रीचा. तो मिळवणाऱ्या त्या एकमेव भारतीय. त्याच चित्रपटात गोपाळ कृष्ण गोखले झाले होते आपले कान-नाक-घसावाले लागू.

म्हणजे बाफ्टा जिंकलेली अभिनेत्री संध्याकाळच्या कुकरच्या शिट्टीबरोबर रोज घरात येत होती, आणि आपण तिला म्हणत होतो, ‘जरा बाजूला हो, बातम्या लावायच्यात.’